सात नंबरची बाई

रात्री दोनला ती पुन्हा म्हणाली, "दूर."
मी हात काढून घेतला.
ब्लँकेटची कड सोडली, पाऊलभर मागे झाले.
"दूर," ती म्हणाली, आता जरा खरखरीत,
आणि मी पडद्यापाशी जाऊन उभी राहिले,
चुकीच्या घरी आलेल्या पाहुणीसारखी.

वेल्समधलं बॅन्गर. टेकाडावर हॉस्पिटल,
खाली समुद्र आहे म्हणतात.
मी तो बसमधून पाहिलाय, तोही डुलक्या घेत.

मिसेस प्रिचर्ड, वय चौऱ्याऐंशी.
झटक्यात उजवा हात गेला,
आणि हाताबरोबर इंग्रजी.
पगाराचं, पोस्टाचं, दुकानातलं, सगळं गेलं.
भांडं खरवडून तळाशी राहिलं ते आईकडचं.
मुलगा लिव्हरपूलहून फोनवर चिडून म्हणाला,
"तिला इंग्रजी येतं. आमच्याहून चांगलं येतं."
मी "येस" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मी मिरजेला इंग्रजी पाठ केलं होतं.
तीनदा परीक्षा दिली, दोनदा अर्ध्या गुणानं हुकले.
ते सगळं गाठोडं बांधून इथे आणलं,
आणि वाट्याला आली ही बाई,
जिचं नुकतंच संपलं होतं.

खरं तर कान माझाच फितूर.
दोन ते चार त्याला मराठीच ऐकू येतं.
ड्रिपचं मशीनसुद्धा ताई, ताई करतं.
म्हणून तिचं "दूर" मी सरळ घेतलं,
मनाला लावून घेतलं.
तीनदा.

नेरिस चादरी घेऊन आली.
तिनं ऐकलं, चादरी खुर्चीवर ठेवल्या.
"पाणी मागतेय गं. दूर म्हणजे पाणी."

पाणी.
आमच्या आटपाडीकडे तसेही
हे दोन शब्द फार वेगळे नव्हते.
टँकर चुकला की आई घागर घेऊन निघायची
आणि बघता बघता ठिपका व्हायची.

उशाशी पाटी: तोंडावाटे काही नाही.
गिळता येतं का हे बघणारी मुलगी
सकाळी नऊला येणार.
म्हणजे शब्द कळला आणि पाणी देता येईना.
मघाशी निदान कळत तरी नव्हतं.

काडीवरचा गुलाबी स्पंज भिजवला,
घट्ट पिळला, तिच्या ओठांवरून फिरवला,
मग जिभेवरून.
तिनं तो हिरड्यांत पकडला.
कवळी डबीत होती, पण पकड अशी
की मला दोन बोटांनी सोडवावी लागली,
आणि सोडवताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

नेरिसला विचारलं, "उद्या"ला काय म्हणतात?
हातमोज्याच्या पाठीवर पेनानं लिहून घेतलं,
देवनागरीत: अव्होरी.
वाकून म्हणाले, "दूर. अव्होरी."
तिनं डोळे उघडले.
माझा उच्चार दुरुस्त केला.
एकदा, मग पुन्हा, सावकाश,
ओठाची एक बाजू लोंबत असताना.
शाळेत शिकवायची म्हणे.
मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा
तिनं तोंड भिंतीकडे केलं.
बरोबर आलं की कंटाळली, कुणास ठाऊक.

चारला नोंद केली, इंग्रजीत:
रुग्णाने पाणी मागितले. मुखस्वच्छता केली. धीर दिला.
मी तीनदा मागे सरले
याला रकाना नव्हता.
हातमोजा केशरी पिशवीत गेला, शब्दासकट.

सकाळपाळीला जिन्सी आली, कोट्टयमची.
तिच्याकडेही दूर म्हणजे लांबच.
तिला बजावलं: सात नंबर दूर म्हणाली
तर तू हलू नकोस.
नऊला ती मुलगी येईल.
पाणी घट्ट करायची पावडर संपत आलीय,
आधी ती मागवून ठेव.